एक कान उघडा ठेवून

प्रिय जाऊबाई,

आज अकरा वाजता माझी तोंडी परीक्षा झाली. मोबाईलवरच. अक्षर अजून वेडंवाकडं येतंय. तुम्ही गेल्यापासून चार महिने मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. फोटोला हार घालतानाही नजर खालीच. आज बोलले नाही, तर पुन्हा धीर व्हायचा नाही म्हणून लिहायला बसले.

बी.ए.चं खूळ तुमचंच! तुम्ही एक्कावन्न, मी सेहेचाळीस. "सुनंदा, घरबसल्या वर्ग हाये. बसून पाहू. नाही जमलं तर बंद करू, कोणाले काय समजते!" म्हणालात, आणि मला न विचारता माझाही फॉर्म भरलात. काऊन ओढलंत हो मला? मी सुखात होते की माझ्या अडाणीपणात.

पहिल्या दिवशी कॅमेरा चालू आहे हे कळलंच नाही आपल्याला. तुम्ही पदर खोचून मिरच्यांचे देठ खुडताय आणि सगळा वर्ग बघतोय! मी लाजेनं मोबाईल उलटा ठेवला. तुम्ही हसून हसून बेजार.

मला बोलायची भीती. तोंडातून 'मले' निघेल, मॅडम हसतील. बोलायचं बटन मी दाबायचेच नाही. आणि घरात कधी आवाज न चढवणाऱ्या तुम्ही! वर्गात पहिला प्रश्न तुमचाच असायचा.

त्या दिवशी कुरड्या घातल्या होत्या गच्चीवर. तुम्ही म्हणालात, "तू बस वर्गाले. कुरड्या पाहीन मी. मॅडमनं काय शिकवलं ते मंग मले सांगजो." मी आतल्या खोलीत बसले, दार लावलं, दोन्ही कानांत इअरफोन घातले. घरात दुसरं कोणी नव्हतं.

दार धाडकन उघडलं तेव्हा समोर सायराभाभी. समोरच्या घरातून, शिलाई मशीनवरून तशीच उठून आलेली, गळ्यात टेप. तिचे ओठ हलत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. तिनंच माझ्या कानातली वायर ओढून काढली. "कब की पुकार रही वो तुमको! सुनंदा, सुनंदा करके!"

तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर होतात. हात छातीवर. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होतात. मलकापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते मिटले.

गल्लीपलीकडे शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला तुमची हाक ऐकू गेली. मला गेली नाही. किती वेळ मारत होता हाका? दोन मिनिटं? दहा? डॉक्टरांना विचारायचं होतं, आधी आणलं असतं तर काही झालं असतं का. दवाखान्याच्या दारापर्यंत एकदा गेलेही, आणि परत एस.टी.त बसले. आणि तुम्ही तरी जोरात का नाही हो ओरडलात? एकदा तरी घर डोक्यावर घ्यायचं!

त्यानंतर इअरफोनला मी हात लावत नव्हते. मिक्सर लावला की मध्येच बंद करून मी कानोसा घेते. नळाची धार मोठी सोडत नाही. कोणी तरी हाक मारतंय आणि मला कळत नाही, असं दिवसभर वाटतं.

मग परीक्षेचा मेसेज आला. एकदा वर्गाला बसून पाहिलं, इअरफोनशिवाय. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडून आवाज घुमतोय, कानात लावा." मी वर्गच बंद केला.

तुमची ऋतुजा सुट्टीत खामगावहून आली आहे. तिनं ते पाहिलं. "काकू, परीक्षा देत नाही का?" मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. दार लावलं होतं, दोन्ही कान बंद होते, तुझी आई हाका मारत होती.

मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि पुन्हा मला काकू म्हणणार नाही.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "सायराचाचीनं तवाच सांगतलं. म्या लय राग केला तुमचा. अजून बी येते राग."

"मग आता?"

"आता काय? तुम्ही आपल्या तोंडानं कधी सांगता, त्याची वाट पाहून राह्यली होती मी."

आज ती दारात बसली. दार सताड उघडं. मी इअरफोनची एकच बोंडी उजव्या कानात घातली, डावा कान मोकळा ठेवला. मॅडमनी ग्रामसभेबद्दल विचारलं. मी सुरुवात केली, "ग्रामसभेले..." आणि तिथंच जीभ अडकली. तेवढ्यात बाहेरून बाईची हाक आली.

मी मोबाईल टाकून पळाले, जाऊबाई! परीक्षा सोडून, ऋतुजाला ओलांडून, जिना चढून थेट गच्चीवर. गच्ची रिकामी. खाली गल्लीत भाजीवाली ओरडत होती.

पाठोपाठ ऋतुजा आली. तिनं माझा दंड धरला. "चला, काकू. मॅडम थांबल्या हायेत."

खरंच थांबल्या होत्या. "काय झालं, ताई?"

"कोणी हाक मारली असं वाटलं मले."

"बरं. दम घ्या. मग सांगा, ग्रामसभेले कोण कोण बसतं?"

'ग्रामसभेले' म्हणाल्या त्या! मी सांगितलं. धापा टाकत, तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. पास की नापास ते अजून कळायचं आहे.

भीती गेली असं खोटं लिहीत नाही. हे लिहिता लिहितासुद्धा दोनदा उठून जिना पाहून आले. पुढच्या वर्षाचा फॉर्म भरायचं म्हटलं तरी अंगाला घाम फुटतो. पण भरणार आहे.

आणि एक वचन देते. ऋतुजा उद्या जाईल, दिवाळीला येईल, पुढेही येत राहील. एखाद्या दिवशी तिचा राग उसळेल, तोंडाला येईल ते बोलेल ती मला. तेव्हा मी कामाचं निमित्त काढून उठणार नाही. तिच्यासमोर बसून राहीन, तिचं शेवटपर्यंत ऐकेन.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा
वडनेर भोलजी