चिंचतळं साफ झालं

शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

मासे मेले. सगळे!

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या कोणी म्हणायला नको की मॅडमना नक्की आठवत नाही. सहा दहा. चिंचतळ्याची तिसरी पायरी. फिरायला गेले होते. आधी वाटलं, कोणीतरी थर्माकोलच्या प्लेटा टाकल्यात. लग्नसराई चालू आहे, आपल्या लोकांचा काय भरवसा! शिवी ओठांवर आली. मग एक प्लेट हलली. तोंड उघडलं, मिटलं.

रोहू, कटला. पांढरी पोटं वर. या टोकापासून त्या टोकापर्यंत काठाला लागलेले.

आणि ठकुबाई कमरेएवढ्या पाण्यात. उलटा झालेला मासा दोन्ही हातांनी सुलटा करायची, धरून ठेवायची, सोडायची. तो पुन्हा उलटा. मग दुसरा.

मी ओरडले, "ठकुबाई, बाहेर ये आधी! अंगाला लागेल ते पाणी!"

"बाय, यो अजून जिता हाय," म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

 


तोच दिवस, दुपार

शाळेत सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, रागात पत्र लिहू नये. त्यांना भिवंडी माहीत नव्हती.

कालच! काल दिवसभर आमच्या तळे राखण समितीची चाळीस माणसं राबली. शेवाळ ओढलं. निर्माल्य काढलं. गुटख्याच्या पुड्या तर घमेल्यांनी निघाल्या. (खाणारे तेच, वेचणारे तेच. मी तोंडावर म्हटलंही.) संध्याकाळी ठकुबाईच्या होडीतून पार मधल्या पाण्यापर्यंत औषध टाकलं. वल्हं तिनेच मारलं. आज स्वच्छ तलावाच्या बक्षिसासाठी पाहणीला मंडळी येणार होती. पुढे ढकलली. मेलेल्या माशांचे हार घालून स्वागत करायचं की काय!

समितीची सचिव मी. माझ्या आजीला या पायऱ्यांवर पाय ठेवायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवायची आणि कोणाला दया येऊन वरून ओततील याची वाट बघायची. तिची नात आज त्याच तळ्याची सचिव. म्हणून मला हे तळं नुसतं बरं नको होतं. आरशासारखं हवं होतं.

आणि ठकुबाईचं काय? मासेमारीचा ठेका तिचा. श्रावणात पिल्लं सोडली, सहा महिने राखण केली, बगळ्यांवर दगड मारून हात दुखवून घेतला. शिवरात्रीपर्यंत लोक उपासतापास करतात, म्हणून शिवरात्र झाली की सोमवारी पहाटे जाळं टाकायचं ठरलं होतं. अंबाडी गावच्या बाजारात जागासुद्धा सांगून ठेवली होती. वर्षाचं तेवढंच तिचं पीक.

कोणी केलं हे विचारायलाच नको. दौलतचं डाईंग, कापड रंगवायचा कारखाना. त्याचा नाला तळ्याच्या वरच्या अंगाला येतो. मागल्या वर्षी अख्खं तळं जांभळं केलं होतं, आणि वर मला म्हणतो कसा, "मॅडम, कलर है, निकल जाएगा." निकल जाएगा! तुझ्या घरच्या माठात टाकते, मग सांग कधी निघतो.

पत्र लिहिलं. एक दौलतला, एक महापालिकेला, नक्कल पेपरवाल्याला. अठ्ठेचाळीस तासांत लेखी उत्तर! आरोग्य खात्यात माझ्या पत्रांना टोचणी म्हणायचे. लस टोचायचे ती वेगळी.

पुरावाही ठेवला आहे. तिसऱ्या पायरीवरचं पाणी सरबताच्या बाटलीत भरलं, बूच घट्ट, काळ्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. भाची धम्मदिना आत्ताच फ्रिज उघडून विचारते, "मावशी, हे काय?"

"दौलतचं पाप. पिऊ नकोस."


रविवार, ८ फेब्रुवारी

तळ्यावर सभा. एवढी माणसं स्वच्छतेला आली असती तर! आमचे अध्यक्ष केसरीनाथशेठ खुर्चीवर, खुर्ची बाकड्यावर. गोडाऊनं वाढली तसा माणूसही उंच बसायला लागलाय.

दौलत आला. मला वाटलं नव्हतं येईल. हात जोडून म्हणाला, "मॅडम, कसम से, बुधवारपासून बॉयलर बंद आहे. चिमणीचं काम काढलंय. एक मीटर कपडा भी नहीं निकला."

मी म्हटलं, "कसम खाऊ नका. लिहून द्या."

टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. सभेनंतर पोरांनी त्याच्या केबिनच्या काचा फोडल्या, तेव्हाही वाईट वाटलं नाही. हे लिहून ठेवते.

ठकुबाई सभेला नव्हती. पलीकडे, चिंचेच्या मागे, खड्डा खणत होती. मासे पुरायला. मी माणसं पाठवते म्हटलं तर म्हणाली, "नको. माझं हायत, मीच टाकते."


सोमवार, ९ फेब्रुवारी

उत्तर आलं! मुदतीच्या आत! छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी दिलं नाही, ते दौलतने दिलं. कारागिराचं बिल जोडलंय, चिमणीचे फोटो जोडलेत, तारखेनिशी. मराठी चांगली आहे. कोणाकडून तरी लिहून घेतलं असणार. खोटंही असणार. बिलं काय, भिवंडीत कशाचीही मिळतात.

बाटली काढते आता.


तोच दिवस, चार वाजता

सापडला!

डाईंगवाले कापड ब्लीच करतात. म्हणजे पाण्यात क्लोरिन असणार. आणि क्लोरिन कसा शोधायचा ते मला कोणी शिकवायला नको. गावोगावच्या विहिरींवर जन्मभर तेच केलं. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरिन आहे, पाणी पास. विहिरीवरच्या बायका वाकून बघायच्या — "पिवलं झालं, पिवलं झालं!" — आणि मी वहीत बरोबरची खूण करायचे. तो किट अजून कपाटात होता. निवृत्त झाले तरी टाकवला नाही.

थेंब टाकले. पिवळं नाहीच. एकदम नारिंगी! झेंडूसारखं! एवढा क्लोरिन मी आयुष्यात बघितला नव्हता. बिलं दाखवतो मला! धम्मदिनाला हाक मारली — बघ, बघ, पकडलं त्या दौलतशेठला!

तिने नळी उजेडात धरली. मग म्हणाली, "मावशी, शुक्रवारी तुम्ही औषध टाकलंत ना? ते काय होतं?"


तोच दिवस

टीसीएल. ब्लीचिंग पावडर. विहिरीत टाकतो तीच.

आम्ही तिला औषधच म्हणतो. सगळेच म्हणतात. "विहिरीत औषध टाकलं का?" छत्तीस वर्षं हेच विचारत फिरले. कोन, खारबाव, वाड्याची वाट, एक विहीर सोडली नाही.

गोण्या केसरीनाथशेठने दिल्या. किती टाकायच्या तो हिशेब मी केला. विहिरीचाच हिशेब, तळ्याएवढा वाढवून. सहा गोण्या. वर आणखी दोन गोण्या. पाहणी आहे म्हणून. आरशासारखं हवं म्हणून.

विहिरीत मासे नसतात.


मंगळवार, १० फेब्रुवारी

सकाळी बुद्धांसमोर बसले. त्रिसरण झालं. पंचशील. पाणातिपाता वेरमणी — जीवहत्येपासून दूर राहीन — पहिलंच शील. रोज घडाघडा म्हणते. आज पुढे गेलंच नाही. 


बुधवार, ११ फेब्रुवारी

पाहणीवाले काल येऊन गेले! मला कळवलंही नाही. केसरीनाथशेठ आज पेढे घेऊन दारात. पाण्याची पारदर्शकता — दहापैकी नऊ! "वास नाही, शेवाळ नाही, तळ दिसतोय, एकदम क्लियर" असं म्हणाले म्हणे. क्लियर! पाण्यात एक जीव उरलेला नाही, दिसायला मध्ये येणार कोण?

पेढा हातात होता. तसाच खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. नळी दाखवली.

शेठनी आधी दार लावून घेतलं. माझंच दार! मग हळू आवाजात, "मॅडम, तुमी देवमानूस. पन येडेपना करू नका. पेपरात डाईंगचं नाव छापून आलंय. मिटलं."

"त्याने केलेलं नाही."

"या वर्षी न्हाय केलं. गेल्या वर्षीचं समजा! जांभळा करून ठेवला व्हता का न्हाय? तेव्हा कोनी काच तरी फोडली का? ठकूला आपन समितीतर्फे साडी देऊ, नवीन पिल्लं सोडू. तुमचं नाव कशाला मध्ये? चाळीस मानसं तुमच्या एका शब्दावर येतात. उद्या कोन येनार?"

शेठ गेले. धक्का त्याच्या बोलण्याचा नाही बसला. तो तसाच आहे. धक्का याचा, की ते मला पटत होतं! गेल्या वर्षीचं समजा. किती सोयीचं! डोकं चक्क हिशेब करायला लागलं, की दौलतने आजवर केलेली पापं मोठी की माझ्या आठ गोण्या. सिस्टर फिलोमिना नखं तपासायच्या. मळ दिसला की पट्टी. आज दोन्ही हात पुढे करून उभं राहावंसं वाटलं.

पेढे मुंग्यांनी खाल्ले.


गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज तिच्याकडे जायचं ठरवलं होतं. पायात चप्पल घालत होते, तर तीच दारात. ठकुबाई. हाताला माशांचा वास नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडमबाय, येक चिठी लिवा. माझ्या नावानं. तुमची चिठी गेली का उत्तर येतं. डाईंगवाल्याचं पन आलं म्हनं."

आत घेतलं. पाणी दिलं. तिने भांड्यातल्या पाण्याकडे आधी बघितलं, मग प्यायली.

कागद घेतला. "कोणाला लिहायची?"

"ज्यानं केलं त्याला."

"कोणी केलं?"

"तुमी शिकलेल्या. तुमी लिवा."

प्रति — एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. ती खिडकीबाहेर बघत होती. घाई नव्हती तिला. मग मी माझं नाव लिहिलं. पूर्ण. खाली — सचिव, तळे राखण समिती. ज्याला वाचता येत नाही त्याला प्रत्येक ओळ वाचून दाखवायची, हा माझा नोकरीतला नियम. वाचून दाखवली.

मला वाटलं उठेल. ओरडेल. निदान कपाळावर हात मारेल.

"हां," म्हणाली. "आता फुडं लिवा."

तिला ठाऊक होतं! शनिवारपासून! मासे सुलटे करत होती तेव्हाही!

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "लिवा, होडी माझी व्हती. वल्हं मी मारलं. पावडरीनं माझं डोलं चुरचुरलं. लिवा, मी इचारलं व्हतं. बाय, या औषधानं मासं मरनार न्हाय ना? तर तुमी म्हनालात, ठकुबाई, मी तीस वर्सांवर औषध टाकतेय, तू मला शिकवू नको."

 बोलले होते मी असं. अगदी याच शब्दांत. शनिवारी वहीत वेळ लिहिली, पायरी लिहिली, थर्माकोलच्या प्लेटा लिहिल्या. हे लिहिलं नाही.

"लिवलं?"

"लिहिलं."

"वाचा."

वाचलं. तिने मान हलवली.

"लिवा — तुमी तलं साफ केलात. साफ म्हंजे, काय ठेवलंच न्हाय."

मी म्हटलं, "ठकुबाई, मी येणारच होते गं, सांगायला."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "म्हनून आज आले. उद्यापरत वाट बगितली असती तर केसरीशेठनं तुमाला आनखी येक पेढा दिला असता."

हसली! खरंच हसली, पुढचे दोन दात नसलेलं हसू. आणि मला छत्तीस वर्षांत कोणासमोर आलं नव्हतं ते रडू आलं. "रडू नका," म्हणाली, "कागद भिजंल."

शेवटी तारीख घालायची होती. मी विचारलं, किती दिवस देऊ? तिने बोटांवर मोजलं आणि तारीख सांगितली. सही केली. साक्षरता वर्गात मीच शिकवली होती, ठकुबाई, चार अक्षरं. नकला तीन काढल्या. एक पेपरवाल्याला. एक केसरीनाथशेठना. एक दौलतला. त्याच्या नकलेखाली माझ्या हाताने दोन ओळी, आणि काचांचं बिल माझ्याकडे पाठवा म्हणून.


शुक्रवार, १३ फेब्रुवारी. सकाळी दहा वाजता.

पत्र मिळालं. ठकुबाई स्वतः घेऊन आली, पोच मागितली. सही करून दिली. शेवटची ओळ तिच्या शब्दांत उतरवून ठेवते:

"याचं लेखी उत्तर सोमवारी १६ तारखेला सकाली सहाच्या आत पायजे. शिवरात झालेली आसंल. मी होडी घेऊन तिसऱ्या पायरीवर हाय. जालं कुटं टाकू, त्ये लिवून द्या."