डोकं माझ्या ताटात

अब्बा, काल मी माशाचं डोकं खाल्लं. माझ्या स्वतःच्या गळाला लागलेल्या माशाचं, आणि तुमच्या मुलाच्या डोळ्यांदेखत.

आपल्या घरी जो मासा पकडेल त्याच्या ताटात डोकं, हा नियम तुमचाच. लहानपणी ओढणी कमरेला बांधून मी खाडीतून ती तांबोशी ओढली, तेव्हा भाई झाडाखाली घोरत होता, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पण शेजारी जमले, मासा बघून तोंडात बोटं घालायला लागले, आणि तुम्ही म्हणालात, "पोरानं पकडला." जेवताना डोकं त्याच्या ताटात गेलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "पोरीच्या जातीनं तिसऱ्या-शिंपल्या गोळा कराव्यात. पुन्हा गळाला हात लावलास तर बघ." तुम्ही गेल्यावरही कित्येक वर्षं मी गळ धरला नाही. राग मात्र लोणच्यासारखा मुरवत ठेवला.

आता इथे आखातात, बरकाला लेकीकडे राहते. जावई ज्या शेतावर गाडी चालवतो, तिथे खजुरांना पाणी द्यायचा मोठा हौद आहे, त्यात मालकानं चिलापी मासे सोडलेत. काल सकाळी खुबूसची रोटी मळून गळाला गोळी लावली, गळाचा तंगूस दोरा बोटाला गुंडाळला आणि कडेला बसले. दुपार व्हायच्या आत असा हिसका बसला, जणू पाण्यात म्हैसच होती. तंगूस बोटात रुतला. अर्बाब, म्हणजे मालकच, धावत आला, "अम्मा, छोडो, हाथ कटेगा." म्हटलं, "कटने दो." कलिंगडं तोलायच्या काट्यावर मासा तोलल्यावर तोच म्हणाला, या हौदातून एवढा मासा आजवर निघाला नाही. जावयानं मासा आणि मी, असा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. त्या शेजाऱ्यांच्या नातवंडांनीसुद्धा बघितला.

भाईही इथेच हमरियाला असतो, त्याला मुद्दाम जेवायला बोलावलं आणि त्याच्या ताटात शेपटी वाढली. त्यानं माझ्या ताटातलं डोकं पाहिलं.

"बाय, अजून तेच धरून बसलीस होय?"

"जेव. काटे बघून."

"अब्बांनी मलाही विचारलं नव्हतं गं," तो हळूच म्हणाला. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. पोचवायची सोय असती तर पुढचं खोडूनच टाकलं असतं. गोड्या पाण्यातला मासा, अब्बा. तुम्ही मांजरालासुद्धा घातला नसता. चिखलाचा वास मारत होता. तरी डोळ्यांसकट चोखून संपवलं, आणि भाईला म्हटलं, तुझ्या त्या तांबोशीपेक्षा चवदार आहे.