सर्व्हर जुना आहे, म्हणून

१० नोव्हेंबर, सोमवार

शी! चार तास त्या खोलीत बसून आले, अजून केसांना वास येतोय. ओल, सिगारेट, आंबलेलं ताक. सर्व्हरच्या डोक्यावर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं — कीबोर्डच्या फटींतसुद्धा! आणि हे म्हणे हॉस्पिटल. इथे लोकांचं रक्त शुद्ध करतात.

पेशंटच्या गाडीच्या याद्यांचा माझा प्रोग्रॅम चढवला. पहिल्याच पानावर आडवा! "अंतर्गत त्रुटी, ५००." बस्स, पुढे काही नाही. माझ्या लॅपटॉपवर हाच प्रोग्रॅम तीन महिने बिनबोभाट चालतोय.

इथला कॉम्प्युटरवाला झिवको — साठीला आलेला, पिवळी बोटं — माझ्या मागे उभा राहून बिया फोडत होता. "आमचा सर्व्हर ठणठणीत आहे हो बाई. अकरा वर्षांत एकदा पडला नाही."

त्याचं टरफल माझ्या बाहीवर पडलं. झटकलं. हात दोनदा धुतले.

११ नोव्हेंबर

कारण सापडलं. सर्व्हरची सिस्टीमच अकरा वर्षांपूर्वीची! माझ्या प्रोग्रॅमचा डेटाबेसशी बोलणारा भाग नव्या सिस्टीमसाठी बांधलेला. त्याला जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, लागते, तिची इथली आवृत्ती जुनीपुराणी. म्हणून तो उठतच नाही.

"सिस्टीम नवी टाका," मी म्हटलं.

"नाही जमायचं."

"का नाही?"

"लॅबचं मशीन ह्याच सर्व्हरवर चालतं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. सिस्टीम बदलली की रक्ताचे रिपोर्ट बंद."

बहाणे! ह्या लोकांना हातपाय हलवायला नकोत. सतरा कारणं तयार.

१२ नोव्हेंबर

उझुनोवाबाईंकडे गेले. हॉस्पिटलचा सगळा कारभार ह्यांच्या हातात. माझं अर्धं बोलणं व्हायच्या आत हात वर.

"तांत्रिक काही सांगू नका. एक डिसेंबरपासून कागदी याद्या बंद. तसं पेपरात छापून आलंय."

म्हणजे छापून आलंय म्हणून चालायला हवं! डोंगरावरच्या गावांतून डायलिसिसच्या पेशंटना गाडीनं आणायचं, आठवड्यातून तीनदा. कोणाला कधी, कुठून घ्यायचं ती यादी ड्रायव्हरच्या फोनवर दिसणार. नाव चुकलं तर माणूस रस्त्यावर राहील. हे बाईंना सांगितलं. त्या लिपस्टिक नीट करत होत्या.

१३ नोव्हेंबर

खानावळीत बटाट्याचं पटाटनिक मागवलं. बटाट्याला त्या खोलीचा वास येतोय असं वाटलं. तसंच टाकून उठले.

१९ नोव्हेंबर

शेवटी मीच वाकले. डेटाबेसशी बोलणाऱ्या त्या भागाची सात वर्षं जुनी आवृत्ती शोधून काढली, तिला जुळेल असा निम्मा प्रोग्रॅम परत लिहिला. उठला! पण काय उठला — कित्येक नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. डेटाबेस कुठल्या जमान्यातला कोण जाणे, अक्षरं धड साठवत नाही. "????? ????????, वय ७१." कोण हा माणूस?

झिवको म्हणाला, "घाई करू नका. मी कागदावरून एकेक ताडून देतो. चार दिवस द्या."

चार दिवस! त्या टरफलांत आणखी चार दिवस! "मी करते," म्हटलं. बिघडलेल्या ओळी पुसल्या, ती नावं कागदावरून पुन्हा भरली. तासाभरात स्वच्छ.

१ डिसेंबर

सुरू झालं. उझुनोवाबाईंनी मॉनिटरला तिरंगी फीत बांधली होती! कापली. टाळ्या. चीज भरलेली गरम बनित्सा, फोटो. "आमच्या जिल्ह्यात पहिल्यांदाच —" वगैरे. झिवको कोपऱ्यात उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले नाही.

३ डिसेंबर

सेराफिम हाजिएव. चौऱ्याहत्तर वर्षांचे. एकटेच राहतात, अगदी वरच्या गावात. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचं डायलिसिस. काल गाडी त्यांच्याकडे गेलीच नाही. यादीत नावच नव्हतं.

आज दुपारी शेजारणीनं अॅम्ब्युलन्स बोलावली. छातीत पाणी भरलेलं. ओठ निळे. अतिदक्षता विभागात आहेत.

मेतोदीकाका, गाडीचे ड्रायव्हर, बाहेरच्या बाकावर बसून होते. "नाव दिसलं नाही, वाटलं भरती झाले असतील. मुख्य रस्त्यापासून सहा किलोमीटर वर आहे गाव, बर्फातून उगाच कशाला जायचं, म्हटलं. तेरा वर्षं नेतोय गं मी त्यांना. तेरा वर्षं!"

बाहेर जाऊन उभी राहिले. हा सर्व्हर, ही घाण, हा झिवको!

४ डिसेंबर

बैठक. उझुनोवाबाईंनी विचारलं, "चूक कोणाची?" माझा अहवाल तयार होता. दोन पानं. सर्व्हर कालबाह्य, प्रोग्रॅमशी विसंगत, डेटाबेस अक्षरं आणि नोंदी गिळतो, वारंवार सांगूनही संबंधितांनी सिस्टीम बदलली नाही. "संबंधितांनी" म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं.

झिवको एवढंच म्हणाला, "अक्षरं बिघडवील. पण सर्व्हर अख्खं माणूस खात नाही, पोरी."

"मग कुठे गेलं नाव? उडून गेलं?" मी म्हटलं. दोघं-तिघं हसले.

त्याला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. चाव्या टेबलावर ठेवून गेला.

बरं झालं. खरंच बरं झालं!

८ डिसेंबर

सेराफिम आजोबा शुद्धीवर आहेत. बघायला गेले. नळ्या, सुजलेले हात, पण डोळे मिश्कील.

"तू ती कॉम्प्युटरवाली?"

"हो."

"दोन तास उभा होतो मी गावाच्या तोंडाशी. म्हटलं, हा मेतोदी मेला वाटतं! घरी येऊन त्याच्या नावानं मेणबत्तीसुद्धा लावली." हसता हसता खोकला लागला, थांबेचना. नर्सनं मला बाहेर काढलं.

९ डिसेंबर

चौकशीसाठी पुरावा लागणार. सर्व्हरनं नोंद कशी गिळली, कधी गिळली. मी दिलेली प्रत्येक आज्ञा माझ्या लॅपटॉपवर आपोआप नोंदवली जाते, तीच सकाळी उघडली. म्हटलं, आपण यादी दिली तेव्हा नाव होतं एवढं दाखवलं की झालं.

१९ नोव्हेंबर. माझी आज्ञा : ज्या ओळीत प्रश्नचिन्ह असेल ती पूस. खाली उत्तर : पंधरा ओळी पुसल्या. त्याखाली मी परत भरलेली नावं. मोजली. चौदा. पुन्हा मोजली. चौदा.

यादीची पुसण्याआधीची प्रत काढून पंधरावी ओळ शोधली. सेराफिम हाजिएव — नाव स्वच्छ, एकही अक्षर बिघडलेलं नाही. फक्त शेवटच्या रकान्यात कुण्या नर्सनं लिहिलेला शेरा : "कुत्रा बांधलेला असतो का?"

त्या एका प्रश्नचिन्हासाठी मी त्यांना पुसलं. सर्व्हरनं नाही. मी. "पंधरा" हा आकडा समोर होता आणि मी वाचला नाही, कारण मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

आणि लॅबचं? तेही खरं निघालं. आज लॅबमध्ये विचारलं. दोन वर्षांपूर्वी सिस्टीम बदलून बघितली होती. एक दिवसभर रिपोर्ट बंद, सगळे नमुने तासभर लांबच्या दवाखान्यात पाठवावे लागले होते.

माझ्या आज्ञांची ही नोंद फक्त माझ्याकडे आहे. पुसायला एक ओळ पुरे. बोट तिथे ठेवून किती वेळ बसले होते, ते इथेही लिहिणार नाही. किळस आली — ह्या वेळी हात धुऊन जाईल अशी नव्हती.

दोन प्रती छापल्या.

१० डिसेंबर

उझुनोवाबाईंनी पान वाचलं. "आणखी कोणाला माहीत आहे?" नाही म्हटलं. त्यांनी पान ड्रॉवरमध्ये टाकलं. "मग राहू द्या. तो तसाही पुढच्या वर्षी निवृत्तच होणार."

दुसरी प्रत घेऊन झिवकोच्या घरी गेले. दारातच उभ्या उभ्या त्यानं दोनदा वाचलं. शिव्या देईल म्हणून मी तयार होते.

त्यानं चष्मा काढला आणि विचारलं, "आजोबा जेवायला लागले का?"

मला माहीत नव्हतं. मी ते विचारलंच नव्हतं.