पाव्हण्यानं नाकतोडा खाल्ला

भडगाव,
१८ सप्टेंबर १९८८

चि. मगन यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. धुळ्याची खोली, खाणावळ, कॉलेज कसं चाललंय ते सविस्तर लिही. पण ते सगळं मागाहून. आधी बातमी ऐक. तुझ्या घोयरा सरड्यानं आज नाकतोडा खाल्ला! सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत. केवढी लांब जीभ रे त्याची! मी आनंदानं ओरडलेच.

जाताना तू सांगून गेलास, "अक्का, नुसत्या माश्यांवर ठेवू नको, जगायचा नाही." सांगणं सोपं होतं. तुझ्या या लाडोबाला माशी सोडून काही दिसतच नव्हतं. रातकिडा समोर सोडला की एक डोळा किड्याकडे, दुसरा माझ्याकडे, अन् स्वारी निघाली फांदीवरून उलटी. कोबीवरची अळी दिली तर अंग काळपट करून फुगून बसला. पतंगाला तर त्यानं विचारलंही नाही. बरगड्या दिसायला लागल्या. शाळेतून मुलांच्या वह्या घेऊन आले की आधी जाळीच्या पेटीत डोकावायचे, आहे ना म्हणून.

आता ती पेटी माझ्या खोलीत नाही. ओसरीवर आबांच्या खाटेशी आहे. हो, आबांच्याच.

तू गेलास त्यानंतर कितीतरी दिवस ते पेटीकडे ढुंकूनही बघत नव्हते. "हाऊ घोयरा घरमा नको," एवढंच. माय तर तिन्हीसांजेला त्याचं नावही काढू द्यायची नाही. मग एकदा मी पेटी कोवळ्या उन्हात ठेवून विहिरीवर गेले. परत येते तो आबा पेटीपुढे उकिडवे बसलेले! मला म्हणाले, "माशी देऊ नको त्याले. भूक लागू दे." बैल वैरणीला तोंड लावत नाही तेव्हा ते असंच करतात, तुला ठाऊकच आहे.

माश्या बंद केल्या. मला रडू यायचं, पण आबा हटले नाहीत. दिवसभर बघून बघून त्यांच्या लक्षात आलं की किडा निपचित पडला तर याला तो दिसतच नाही, आणि मोठा असला तर हा घाबरतो. मग आबांनी बारीकसा रातकिडा बोरीच्या डहाळीच्या टोकावर चढवला आणि आम्हाला लांब बसवलं. किडा चालायला लागला. सटकन जीभ! त्या दिवसापासून आबा त्याला 'पाव्हणा' म्हणतात. पुढे अळी झाली, पतंग झाला. राहिला होता नाकतोडा. त्यासाठी आबा रोज ज्वारीच्या बांधावर उपरणं घेऊन धावायचे.

आज मात्र नाकतोडा मायनं धरून आणला. हसू नको. नाकाला पदर लावून, गवतातून, स्वतःच्या हातानं! आबांनी खाटेवरूनच काठीनं डहाळी पुढे केली. पाव्हण्यानं जीभ टाकली आणि आबा ओरडले, "खादं वं, खादं!" शेजारच्या मंदाबाई लाटणं घेऊनच धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. आबा तर उभेच राहायला निघाले होते. मी आणि मायनं धरून बसवलं.

आता लिहूनच टाकते. आबांचा पाय मोडलाय. नाकतोड्यामागे धावताना बांधावरून पाण्याच्या चारीत पडले. नडगीचं हाड आहे, प्लास्टर दसऱ्यापर्यंत राहील. डॉक्टर म्हणतात नीट जुळेल, तेव्हा घाबरू नको. "मगनले कळवू नको," असं त्यांनी मला बजावलं होतं, म्हणून गेल्या पत्रात मी काही बोलले नाही. शेत सध्या झुलालकाका बघताहेत. कॉलेज सोडून ये, असं मी म्हणत नाही.

आबाही म्हणत नाहीत. काल त्यांनी विचारलं, हे बीएस्सी किती वर्षांचं असतं. सांगितलं, तीन. मग पुढे काय? म्हटलं, हेच, असले प्राणी अभ्यासायचे, मुलांना शिकवायचं. काठीनं पाव्हण्याची डहाळी जरा सरळ केली. मग म्हणाले, "मंग शिकू दे."

जूनमध्ये, शेत कोण बघणार यावरून भांडून, तू त्यांच्या पाया न पडता गेलास, त्यानंतर तुझ्या शिकण्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलले, मगन.

शनिवारच्या गाडीनं एक दिवस तरी ये. आल्यावर पायाचं विचारू नको, ते चिडतील. आधी नाकतोड्याचं विचार. मग ते तुला खाटेवर जवळ बसवून घेतील.

तुझ्या येण्यावर भिस्त ठेवून बसलेली,
अक्का