डावा दिवा

३ जानेवारी
पोहोचली बाप्पा एकदाची भिलाईले! स्टेशनवर मामाजी स्वतः हजर. श्यामरावमामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, प्लांटमधून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. लेकरूबाळ नाही, म्हणून लहानपणापासून सगळे लाड माझेच. भिलाई-३ च्या शाळेतली ही नोकरी त्यायनंच पाहून देल्ली, कॅम्प-१ मधली खोलीही. तुमच्याच घरी राहते म्हटलं, तं म्हणाले, एकटीनं राहाची सवय होऊ दे. अन् वरतून आपली छोटी पांढरी कार मले देऊन टाकली! कागदही माझ्या नावावर आधीच करून ठेवले होते. एवढी घाई कायले म्हणून मी चिडवलं, तं नुसते हसले. रमामामीचं तोंड मात्र उतरलं होतं. गाडी गेल्याचं वाईट वाटलं असन.

५ जानेवारी
शाळा सातची. सव्वासहाले निघा लागते, तेव्हा असं धुकं का स्वतःचं बोनेट दिसत नाही. आज हायवेवर डावा हेडलाइट बंद पडला. संध्याकाळी केवलरामकडे नेली. कॅम्पातला गाड्यायचा इलेक्ट्रिशियन, तोंडात गुटखा, बोलणं कमी, पण कामाले पक्का. नवा बल्ब टाकला अन् वरतून दम देल्ला का बल्बच्या काचेले बोट लावाचं नाही, लवकर उडते.

८ जानेवारी
उडाला! बोट कोणी लावलं होतं? मग फ्यूज बदलला, रिले बदलला, अर्थिंगची गंजलेली वायर घासली. केवलरामच्या दुकानात दिवा लख्ख लागते अन् हायवेवर त्याच जागी विझते. बिचारा रडकुंडीले आला. त्यानं सांगतलं का काल गाडी दुकानात होती तेव्हा एक सायकलवाला येऊन विचारत होता, इस गाडी की उर्वी कौन है? केवलराम मले देशकर मॅडम म्हणून ओळखते, त्यानं मालूम नहीं म्हणून वाटेले लावलं. घ्या, पाच दिवसांत भिलाईत माझं नाव झालं!

१० जानेवारी
सकाळी मागच्या काचेवर दव पडलं होतं, त्यात अक्षरं दिसली. खरवडून काढलेल्या स्टिकरचा डाग. उर्वी. लोक गाडीच्या मागं लेकरायचं नाव टाकतात, तसं मामाजीनं माझं टाकलं होतं! डोळेच भरून आले. लगेच फोन केला. पण काढलं कावून, असं विचारलं तं त्यायनं फोनच ठेवून देल्ला.
शाळेतही आमची आया सत्यशीला म्हणाली का गेटवर एक माणूस उर्वी कोण म्हणून विचारून गेला. डोक्याले ओला गमछा, अन् एक हात उलटा लटकलेला. तिलेही माझं नाव माहीत नव्हतं. मले आता हसू येत नाही.

१२ जानेवारी
मामीनं चोरून फोन केला. रडत होती.
मागच्या थंडीत डावा दिवा पंधरा दिवस बंद होता. मामाजी म्हणे, एका दिव्यावर चालते. धुक्यात डाव्या बाजूनं प्लांटच्या पहिल्या पाळीले चाललेला सायकलवाला. दिसलाच नाही. मामाजी थांबले नाही. बाजूले बसलेल्या मामीनं मागं वळून पाहिलं तं तो जिवंत होता, मान उचलून काचेवरचं नाव वाचत होता.
तो मेला. तेराव्या दिवशी मामाजीच्या फाटकावर आला. स्टिकर काढलं तरी येतच राहिला. एकच विचारते, उर्वी कौन है?
म्हणून नोकरी. म्हणून खोली. म्हणून गाडी. अन् मी मूर्ख, लाड समजून राहिली!
मामी म्हणाली, नाव कोणाले सांगू नको. कोणी दाखवून देल्लं नाही तोवर त्याले तू ओळखू येत नाही.

१४ जानेवारी
दोन दिवस बसनं गेली. आज मामाजीचा फोन. माफी मागून राहिले होते. म्हणाले, सकाळी तिळगूळ घ्याले ये, गाडी घेऊनच ये, वापस ठेवून घेतो. त्याले स्वतः खरं सांगतो म्हणाले.
सख्खा मामा आहे. जाते.

१५ जानेवारी, सकाळ
फाटकाबाहेर गाडीत. धुकं. डावा दिवा गेला—
फाटकाले आतून कुलूप. का? हॉर्न वाजवला. मामाजी खिडकीत आले. बाहेर नाही.
डाव्या बाजूले सायकल टेकवल्याचा आवाज—गमछा—
काचेतून पाहून राहिला. मी मान खाली घालून लिहूनच राहिली. मी कोणी नाही. वह्या तपासणारी मास्तरीण—
मामाजी, सांगा ना त्याले. मी नव्हती, तुम्ही होते—
मामाजीनं खिडकी उघडली. हात वर केला. माझ्याकडं बोट—
मोठ्यानं, हिंदीत—यही है, यही है उर्वी—
मामी ओरडली—
गाडीच्या दाराचं हँडल—मामाजी, मी तुमची—