नाव न घेता मागितलेली प्रार्थना

सांगली, ४ फेब्रुवारी, मंगळ.
चर्चच्या मागच्या खोलीत, मी घरोघरची गाऱ्हाणी ऐकायला बसते तिथं, शैला आली. एकटी. मागच्या महिन्यात नवऱ्याला, विजयला, घेऊन आली होती. तेव्हा तोच बोलला आणि मी त्याच्या मऊ आवाजाला भुलले. गायनमंडळाचा प्रमुख, निर्व्यसनी, कधी हात उचलला नाही. हिलाच सांगितलं, उलट बोलू नकोस, प्रार्थना वाढव.
आज म्हणाली, "सिस्टर, तुमी सांगितलं तशी गप बसले. आता ह्ये म्हणत्यात, बघ, तुझीच चूक हाय, सिस्टरनीबी मानलं."
नऊ दिवस अबोला. पाहुण्यांसमोर चेष्टा. वडूजच्या माहेराहून भावाचा फोन आला की स्पीकरवर ठेवायचा. "तुझं डोकं ठिकाणावर नाही" हे इतक्या शांतपणे, की आता तिला ते खरं वाटतंय.
तीस वर्षं नर्स होते. एवढी मोठी जखम दिसू नये? स्पष्ट सांगितलं तिला, हा छळ आहे, तुझा दोष नाही. खूप रडली.

८ फेब्रु., शनि.
शै. हळद दळायला म्हणून निघाली नि इकडे आली. यापुढे दोघांना एकत्र बसवायचं नाही, ठरवलं. तो समोर असला की हिची वाचाच बसते. भावाकडे जायचं मनात आहे. "पर कुणाला सांगू नका." म्हटलं, माझ्या पोटात राहील.

१३ फेब्रु., गुरु.
महिला मंडळाची प्रार्थना माझ्या घरी. शेवटी नेहमीचे विषय, कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न. मला भरून आलं. नाव न घेता मागितलं, आपल्यातली एक बहीण घरात फार सोसतेय, माहेरी जायचं बळ तिला दे. सगळ्या आमेन म्हणाल्या.
चहाच्या वेळी एकीनं हळूच विचारलं, "वडूजची का?" मी नाही म्हटलं नाही.

१५ फेब्रु., शनि.
विजय दारात. हसतमुख. "मावशी, आमच्यासाठी प्रार्थना केलीत म्हणे. आभार." निवांत चहा प्याला. "शैलाचा मोबाइल सध्या माझ्याकडे असतो. काही असलं तर मला सांगा."
तो गेल्यावर दाराला कडी लावली. मूर्ख बाई. म्हणे नाव न घेता! एवढ्याशा मंडळीत वडूजचं माहेर असलेली आहेच कोण दुसरी?

१९ फेब्रु., बुध.
पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. म्हणाले, "दोन तारखेला प्रभुभोजनाचा विधी आहे. त्याआधी दोघांना समोरासमोर बसवू. एकमेकांना क्षमा करतील, मोकळे होतील." आमची जुनी रीत. मीच किती जोडपी अशी बसवली! त्यातल्या किती बायका...
म्हटलं, मी बसवणार नाही.
"सिस्टर, विजयसारखा माणूस?"
"तुम्हाला तो गाताना दिसतो, साहेब. ती त्याच्याबरोबर राहते."
बघू म्हणाले.

२४ फेब्रु., सोम.
शै.च्या भावाचा फोन. "शैला आलीया हितं, पोरीला घिऊन." जिवात जीव आला. मग तिला दिला.
"तुमच्याशी बोलून लय हलकं वाटलं हुतं, सिस्टर. म्हणून तुमच्याकडनंच फुटलं ह्ये जास्त लागलं."
माफी मागितली. "बरं," म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही म्हणायला लावलं नाही.

२ मार्च, रवि.
प्रभुभोजनाआधी विजय उभा राहिला. सगळ्यांदेखत म्हणाला, "मी पत्नीला क्षमा केली आहे. मावशींनी तिला समजावून परत आणावं." साऱ्या माना माझ्याकडे. उठून म्हटलं, "नाही आणणार." आवाज फाटला, पण ऐकू गेलं.
बाहेर कुणी बोललं नाही. पाळकसाहेब तेवढे म्हणाले, "उद्या मी विजयबरोबर वडूजला जातोय. तुम्ही याल तर बरं."
घरी येऊन भावाचा नंबर लावला. शै.नंच उचलला. उद्या कोण येतंय ते सांगितलं.
म्हणाली, "आधी सांगितलं ते बरं केलं. आता म्या काय करायचं, ते मातर सांगू नका."
नाही सांगितलं.