लिंबू लावून उन्हात

आई, मी आता तुझ्यापेक्षा मोठी झाले. तू गेलीस तेव्हा त्रेपन्न वर्षांची होतीस, मला छप्पन्न पूर्ण झाली. म्हणून आज थोरलेपणाने बोलते, मध्ये बोलू नकोस.

रोज सकाळी तोंड धुतलं की मी गालांवर व्हिटॅमिन सीचं सीरम लावते. दोन-तीन थेंब. ते मुरलं की वरून सनस्क्रीन. गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलंय, वांग हळूहळू फिकट होतील, सुरकुत्या काही पुसल्या जाणार नाहीत, धीर धरा. धरलाय. परवा नणंद आली होती. बाटली बघून म्हणाली, या वयात कोणाला दाखवायचंय? मी म्हटलं, मला, आरशात रोज मीच बघते. ती चहा न घेता गेली.

तूही तेच विचारलं असतंस. पण मला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा माझ्या तोंडाची काळजी सगळ्यात जास्त तुलाच होती. आठवडाभर आधी तू मला अंगणात पाटावर बसवलंस, अर्धं लिंबू गालांवर खसाखसा चोळलंस आणि तशीच झेंडू तोडायला मळ्यात पिटाळलंस. "धू नको. तुझ्या बापाच्या धोतराचा डाग लिंबू लावून उन्हात टाकला का जातो ना? तसंच हाय हे." मी दुपारपर्यंत वाकून फुलं तोडतेय, गाल चरचरतायत, आणि मला वाटतंय मी उजळतेय. संध्याकाळी गाल लालबुंद झाले, चौथ्या दिवशी काळे. मग तू पावडर थापलीस आणि पाहुण्यांसमोर मला खिडकीकडे पाठ करून बसवलंस. "मान वर करायची नाय."

लग्न जमलं. लिंबाचं मी कधीच माफ केलं, तुला जे ठाऊक होतं ते तू केलंस. ते डाग वर्षभरात गेलेसुद्धा. आताचे वांग बाळंतपणांचे आणि उन्हाचे. माफ होत नाही ते पाठ करून बसवणं. पस्तीस वर्षं मी प्रत्येक फोटोत मागे उभी राहिले. पोटच्या मुलीच्या लग्नातही उजेड कुठून येतोय ते आधी बघितलं. आता नाही, आई. आता मी खिडकीसमोर खुर्ची टाकून बसते, चांगली मान वर करून. वांग गेले तर गेले, नाही गेले तर राहू देत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, कपाटातल्या साड्यांखाली ठेवीन. एकच गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चेहऱ्याला कधी काही घरगुती लावलं होतं का. मी लिंबाचं आणि उन्हाचं सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, असलं कोणी शिकवलं तुम्हाला? इतकी वर्षं तुझ्यावर दात धरून बसलेली मी, पण त्या परक्या बाईने तुला हसावं हे मला सोसेना.

"कोणी नाही," मी म्हटलं, "माझंच खूळ."